शर्यतीचा निकाल आणि फोनमधले ‘९६० एफपीएस’: यातल्या खऱ्या फ्रेम किती?

१८ मे २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला आणि बैलगाडी शर्यतींवरची टांगती तलवार गेली. आता साताऱ्यातलं पुसेगाव असो की सांगली जिल्ह्यातलं एखादं मैदान, निशाणाजवळ शेकडो मोबाईल उभे असतात. दोन गाड्या जवळजवळ एकत्र आल्या की लगेच कुणीतरी म्हणतं, “थांबा, माझ्याकडं स्लो-मोशन आहे!”

पण त्या व्हिडिओवर विश्वास कितपत ठेवायचा?

आधी साधं गणित

समजा गाडी ताशी ४० किमी वेगाने पळतेय, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. ३० एफपीएसमध्ये दोन फ्रेमच्या मधे ती ३७ सेंमी पुढे जाते. २४० एफपीएसला हेच अंतर साडेचार सेंमीवर येतं, ९६० ला सव्वा सेंमीच्याही खाली. मग सगळेच फोन ९६० का देत नाहीत?

अडतं कुठं?

ऊस कितीही तुटू दे, कारखान्याच्या वजनकाट्यावरून एका वेळी ठरावीकच गाड्या जातात. सेन्सर आणि प्रोसेसरच्या मधेही असाच काटा आहे. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकी १० बिट धरले तर २४० एफपीएसला सेकंदाला ५ गिगाबिट डेटा होतो आणि ९६० ला जवळपास २०. मिपी डी-फाय १.२ या मानकात एका लेनमधून २.५ गिगाबिट जातात, म्हणजे चार लेनमधून १०. नव्या मानकांचा वेग जास्त आहे, पण सेन्सरने तितक्या झपाट्याने पिक्सेल वाचायला हवेत. शिवाय फोन तापतो आणि बॅटरी खाल्ली जाते.

२०१७ मध्ये सोनीने यावर तोडगा काढला: सेन्सरलाच डीरॅम मेमरी चिकटवली. म्हणजे काट्याआधी गाड्या उभ्या करायला आवार! एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियम आणि पुढच्या वर्षी गॅलेक्सी एस९ यांनी ९६० एफपीएस दिले, पण फक्त ७२०पी मध्ये आणि जेमतेम ०.२ सेकंदापुरते. तेवढ्यात आवार भरतं.

खरी गोम इथे आहे

अनेक फोन कमी फ्रेम टिपतात आणि मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने *बनवतात*. रीलसाठी ते छानच दिसतं. पण बैलाचं नाक रेषेला आधी लागलं का, हे ठरवायला अशी फ्रेम म्हणजे पुरावा नाही, फोनचा अंदाज आहे. शिंगं किंवा चाकाच्या कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर शंका घ्याच.

मग करायचं काय?

- सेन्सर खरोखर देत असेल तर १०८०पी, २४० एफपीएस वापरा.
- फोन रेषेच्या अगदी समोर, स्टँडवर ठेवा. तिरक्या कोनातून मागची गाडीही पुढे दिसू शकते.
- मूळ फाईल जपा, व्हॉट्सअॅपवर फिरलेली नको.

निकाल पंचांनीच द्यायचा. पण त्यांच्यापुढे फोन धरताना एवढं नक्की सांगा: ही फ्रेम टिपलेली आहे की बनवलेली.