फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा!

शनिवारी सकाळी मावसबहिणीचा फोन. आवाज अगदी रडवेला. "दादा, लॅपटॉप गेला. दुकानातले काका म्हणतायत फॉरमॅट मारावा लागेल, दीड हजार होतील आणि डेटाची गॅरंटी नाही." सोमवारी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा रिपोर्ट द्यायचा होता. बॅकअप? अर्थातच नव्हता.

तर झालं होतं असं, की कॉलेजसाठी विंडोजच्या शेजारी टाकलेलं उबुंटू आता नको होतं. जागा हवी म्हणून बाईसाहेबांनी विंडोजमधूनच लिनक्सची पार्टिशन्स उडवली. रीस्टार्ट केल्यावर काळी स्क्रीन आणि ग्रबचा प्रॉम्प्ट. मी फोनवर म्हटलं, "एक्झिट टाईप कर आणि एंटर मार." विंडोज सुरू! रिपोर्ट जागच्या जागी. खर्च शून्य.

काकांवर माझा फारसा राग नाही. राग आहे तो आपल्या इंजिनिअर जमातीवर. ऑफिसात कुणालाही विचारा, लगेच उत्तर तयार, "फॉरमॅट मार ना यार, दोन तासांचं काम!" प्रॉडक्शनचा सर्व्हर पडला की हीच मंडळी रात्री दोन वाजता लॉग वाचत बसतात. तिथे कुणी म्हणतं का, सगळं पुसून टाका म्हणून?

मुळात बिघडतं काय ते तरी बघा. जुन्या मशीनवर बूट लोडरची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये असायची, त्यातही कोडला जागा फक्त ४४६ बाइट्स. आताच्या यूईएफआय मशीनवर एक छोटं फॅट३२ पार्टिशन असतं. त्यात विंडोजचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं वेगळं. आधी कुणाला उठवायचं याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत. तुमचे फोटो, कोड, रिपोर्ट यांचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही. दारावरची पाटी पडली म्हणून कुणी घर पाडतं का?

नेहमीचे प्रकार मोजून तीन. लिनक्स दिसेनासं होऊन थेट विंडोजच सुरू होतं: बहुधा यादीतला क्रम बदललाय, बायॉसमध्ये जाऊन उबुंटू वर घ्या. ग्रब आहे पण लिनक्स उडालंय: वरची गोष्ट, विंडोज वर घ्या. ग्रबच्या मेन्यूत विंडोजच नाही: २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या सिस्टिम शोधतच नाही, शोध चालू करणारी एक ओळ सेटिंगमध्ये घालून मेन्यू पुन्हा बनवावा लागतो. यातल्या कशाला फॉरमॅट लागतो, सांगा!

कंपन्याही कमी नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक सुरक्षा अपडेट आला, जुने धोकादायक बूट लोडर अडवण्यासाठी. ड्युअल बूट मशीनला तो लागणार नाही असं सांगितलं होतं. अनेकांना लागला आणि लिनक्स उठेना. कायमची दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये! आणि लिनक्सवालेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. नवख्या माणसाला नुसता काळा प्रॉम्प्ट दाखवून गप्प बसायचं, ही कुठली रीत?

आता कुणी म्हणेल, "बाबा रे, वीकेंडला एवढा वेळ कुणाला आहे?" मान्य. पण फॉरमॅटचे दोन तास फक्त म्हणायला. नंतर ड्रायव्हर, व्हीपीएन, लायसन्स, पासवर्ड यांत रविवारही जातो. आणि एवढं करून कारण कळतच नाही, म्हणजे पुन्हा तोच घोळ आणि पुन्हा तोच फॉरमॅट.

एवढं मात्र करा. एक लाइव्ह यूएसबी ड्रॉवरमध्ये ठेवा. सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर विंडोज दारातच अडवेल. आणि बॅकअप घ्या, कारण डिस्कच मेली तर माझाही इलाज नाही.

संध्याकाळी बहिणीचा पुन्हा फोन. "दादा, मग काकांनी फॉरमॅट का सांगितलं?" आधी म्हणणार होतो, त्यांना येत नाही म्हणून. मग आठवलं, कॉलेजात असताना हॉस्टेलवर मीही चार जणांना हेच सांगितलं होतं. त्यातल्या एकाचे घरचे सगळे फोटो गेले.

असो. पुढच्या वेळी कुणी फॉरमॅट म्हणालं, की एकदा फक्त "का?" विचारा.