जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची का? आधी वायर शोधा, मग भाव बोला



मागच्या महिन्यात पिरंगुटला आपली बॅच झाली. सेशन संपल्यावर चहाच्या वेळी एक जण बाजूला घेऊन म्हणाला, “सर, एक पर्सनल विचारायचं होतं. म्हणजे पर्सनल पण आणि धंद्याचं पण.” हे वाक्य ऐकलं की मी आता सावध होतो. पर्सनल आणि धंद्याचं जिथे एकत्र येतं, तिथेच बहुतेकांचे पैसे अडकलेले असतात.

त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत लाल रंगाची, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी. सॅन स्टॉर्म. नवीन मुलांना नावही माहीत नसेल. बंगळूरच्या सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणलेली ही भारतातली स्पोर्ट्स कार. फायबरची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. आज घरातल्या साध्या हॅचबॅकलाही यापेक्षा जास्त ताकद असते. पण दिसायला? अहो, आजही सिग्नलला उभी राहिली तर लोक काच खाली करतात. फार थोड्या गाड्या विकल्या गेल्या, म्हणून आज शोधणारे शोधत असतात. आपला हा मुलगा सातवीत होता तेव्हा त्याने मासिकातलं चित्र कापून वहीला लावलं होतं. आता तीच गाडी विकाऊ आहे. मालक साडेचार लाख म्हणतोय आणि “थोडा वायरिंगचा प्रॉब्लेम आहे, किरकोळ” असं सांगतोय.

त्याचा प्रश्न सरळ होता. घेऊ का?

आता माणूस कोण ते सांगतो, नाहीतर उत्तर कळणार नाही. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, आठ कामगार. पौडच्या पुढे गावच्या जमिनीत चार खोल्यांचा होमस्टे, तो घरची मंडळी बघतात. पुण्याच्या पश्चिम रिंगरोडमध्ये थोडी जमीन गेली, त्याचा मोबदला आला. वडिलांनी, म्हणजे आबांनी, बहिणीचा वाटा बाजूला काढला, थोडी एफडी केली आणि याच्या हातात काही रक्कम दिली. सोबत एकच वाक्य दिलं: “हे पुन्हा येणार नाहीत.”

मुळशीत राहणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला तेव्हा राज्यभर लोकांनी डायलॉग पाठ केले, पण इथल्या कित्येक घरांत तो सिनेमा शांत बसून बघितला गेला. जमीन गेली, गाडी आली, नंतर गाडीही गेली. हे लोकांनी शेजारी घडताना पाहिलंय. आबा बोलले नाहीत, पण त्यांच्या डोक्यात तेच असणार.

मुलगा हुशार आहे. त्याला ठाऊक होतं की नुसतं “मला आवडते” म्हटलं तर घरात चालणार नाही. म्हणून त्याने एक्सेल शीट बनवली. होमस्टेवर गाडी उभी करायची, प्री-वेडिंग शूटला द्यायची. एका शूटचे अडीच हजार, महिन्याला सहा शूट, पावसाळ्याचे चार महिने सोडून आठ महिने. वर्षाला एक लाख वीस हजार. पावणेचार वर्षांत गाडी फुकट!

मित्रांनो, एक्सेलमध्ये काहीही नफ्यात दाखवता येतं.

मी त्याला विचारलं, तुझ्या खोल्या फुल कधी असतात? म्हणाला, जून ते सप्टेंबर. बरोबर. ताम्हिणीचे धबधबे, भाताची खाचरं, धुकं, गरम भजी, लोक त्यासाठीच येतात. म्हणजे गिऱ्हाईक दारात असतं तेव्हा गाडी ताडपत्रीखाली, आणि गाडी बाहेर येते तेव्हा गिऱ्हाईक कमी. आणि इथला पाऊस म्हणजे काय? २५ जुलै २०२४ ला सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पडला होता. इथे बंद शेडमधल्या लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, तिथे उघड्या टपाची गाडी! शिवाय भात कापणी झाली की उंदीर आसरा शोधतात, आणि इंजिनाजवळची ऊबदार वायर त्यांना फार आवडते. हे शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं.

दुसरी गोष्ट कायद्याची, ती पटकन सांगतो. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी परमिटशिवाय भाड्याने फिरवता येत नाही, आणि तसं करताना काही झालं तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आणि फिटनेस लागतो. वीस वर्षांवरच्या मोटारीला हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालंय. बाहेरून आयात केलेली असेल तर ८० हजार. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. कुणी सत्तरच्या दशकातली एमजी वगैरे बघत असेल तर २०२१ चा व्हिंटेज गाड्यांचा नियम वाचा. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं, नोंदणी २० हजार, मुदत दहा वर्षं. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की ती रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला चालणार नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. म्हणजे “हॉटेलसमोर व्हिंटेज उभी करून गिऱ्हाईक फिरवू” हा प्लॅन तिथेच संपतो.

आता मुख्य मुद्दा. वायरिंगचा “किरकोळ” प्रॉब्लेम.

मी विचारलं, नेमकं काय होतं? तर म्हणे, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. हेडलाइट लावला की इंडिकेटर मंद मंद लुकलुकतो आणि पेट्रोलचा काटा हलतो. पाऊस पडून गेला की कधी कधी हॉर्न आपोआप वाजतो. मालकाने दोनदा बॅटरी बदलली. दोनदा! म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलला.

यात कंपनीला दोष द्यायचं कारण नाही. पंचवीस वर्षांत चार मालक झालेत आणि प्रत्येकाने आपापली वायर ओढलीय. पण एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. पत्र्याच्या गाडीत बल्बला एक वायर पुरते, करंट परत जातो तो बॉडीतून. यालाच मिस्त्री अर्थ म्हणतात. फायबरमधून करंट जात नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वायर लागते आणि ती खाली चॅसीला बोल्टने पकडलेली असते. तो बोल्ट गंजला की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. हेडलाइट लावल्यावर इंडिकेटर लुकलुकतो तो बहुतेक यामुळे. बोल्ट साफ केले, नवी वायर टाकली, तर काम हजार-दोन हजारांचं.

पण बॅटरी उतरणं हा वेगळा आजार असू शकतो. साधा हिशोब करा. ४० अँपिअर-अवरची बॅटरी ४८ तासांत उतरते, म्हणजे तासाला साधारण ०.८ अँपिअर कुणीतरी खातंय. चावी काढलेली असताना १० वॅटचा बल्ब कुठेतरी जळत असावा तसं. तो बल्ब डिकीत आहे, अलार्ममध्ये आहे, की डॅशबोर्डमागच्या जुडग्यात दोन वायरी एकमेकींना घासतायत? डिकीत असेल तर खर्च शून्य. जुडग्यात असेल तर डॅशबोर्ड खोला, सगळं वायरिंग नव्याने बांधा, आणि या गाडीचा नकाशा कुठल्या गॅरेजच्या भिंतीवर लावलेला नसतो. आणि जुडगा घासून तापला तर फायबरला आग लागायला वेळ लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

माझं मत इथे पक्कं आहे. ज्या दोषाचं ठिकाण सापडलेलं नाही, त्याची किंमत कुणालाच माहीत नसते. विकणाऱ्यालाही नाही. मग “वायरिंगचे तीस हजार कमी करा” ही घासाघीस कशावर करताय? इंजिन धूर सोडतंय, गिअर अडकतोय, गंज लागलाय, या गोष्टींचा भाव मिस्त्री बघून सांगतो. विजेचा दोष मात्र तुम्ही बघत असताना नीट वागतो आणि घाटात रात्री पावणेनऊला उठतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. पंधरा वर्षांपूर्वी मीही एक जुनी गाडी घेतली होती. ब्रँडिंग होईल म्हणून. खर्च फर्मच्या खात्यातून. एका गॅरेजमध्ये ती चौदा महिने पडून होती, दर महिन्याला एक नवीन पार्ट, एक नवीन बिल, आणि दोष तिथेच. पैसे गेले त्याचं फार नाही वाटलं. पण त्या वर्षी ट्रेनिंगचे हप्ते भरलेल्या लोकांना मी वर्किंग कॅपिटल शिकवत होतो आणि माझ्या स्वतःच्या खात्यात पगाराच्या तारखेला पैसे नव्हते. सीएने विचारलं, हा खर्च कशात टाकू? मी म्हटलं, जाहिरातीत. तो काही बोलला नाही, फक्त चष्म्यावरून बघितलं. ती नजर अजून आठवते.

म्हणून त्या मुलाला मी “घेऊ नको” म्हटलं नाही. शौक असणं हा गुन्हा नाही. दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्यांत काम करणाऱ्या माणसाने रविवारी एक लाल गाडी पुसत बसावं, यात मला काही चूक दिसत नाही. कुणी गोव्याला जातं, कुणी बैलजोडी पाळतं. पण मग ती शौक म्हणूनच घ्या. एक्सेल शीट फाडा. वर्कशॉपच्या करंट अकाउंटमधून एक रुपया नको. त्याच माणसाने सेशनमध्ये सांगितलं होतं की गिऱ्हाईक ४५ दिवसांनी पैसे देतं आणि बेंडिंग मशीन नसल्यामुळे तो दर महिन्याला दोन-तीन कामं परत पाठवतो. ते मशीन पाऊस असो ऊन असो, कमावणार आहे.

आणि सौद्याआधी एक काम सांगितलं. मालकाला म्हण, गाडी दोन दिवस माझ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दे, त्याची मजुरी मी भरतो, सौदा होवो न होवो. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावून तीनच गोष्टी बघायच्या. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आहे का. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मध्ये चार्ज होते का. आणि चावी काढून बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये जोडायचं आणि एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, चोर त्या लाइनवर. ४०-५० मिलिअँपिअरच्या आत आला की ठीक. मालक दोन दिवस गाडी द्यायला नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. त्या साडेचार लाखांच्या मानाने दोन दिवसांची मजुरी काहीच नाही, पण लोक नेमकी तीच वाचवतात.

मालक तयार झाला. मागच्या रविवारी मुलाचा फोन आला. “सर, पाऊण अँपिअर सापडलं. कुणीतरी अलार्म बसवून अर्धवट काढला होता. हेडलाइटचा अर्थ पण सापडला, बोल्टची नुसती पावडर होती. पण डॅशबोर्डखाली हात घातला तर टेप मारलेले अकरा जोड. इलेक्ट्रिशियन म्हणाला, अख्खं वायरिंग नवं टाका, नाहीतर मी जबाबदारी घेत नाही. साठ हजार सांगतोय.”

मग मालक काय म्हणतो?

“साडेतीनपर्यंत खाली आलाय.”

मी विचारलं, कुठल्या खात्यातून देणार?

थोडा वेळ तो बोलला नाही. मागे कटरचा आवाज येत होता. मग म्हणाला, “माझ्या एकट्याच्या खात्यातून म्हटलं तर वायरिंग धरून अडीच बसतात, सर. त्याच्या वर गेलं की आबांचे पैसे लागतात.”

म्हणजे गाडीला एक नव्वद. त्याने मालकाला तेवढे सांगितले. मालक अजून फोन उचलत नाहीये. बेंडिंग मशीनचं कोटेशन मात्र बुधवारी आलं. ते घेऊन तो आणि आबा शनिवारी भोसरीला मशीन बघायला जाणार आहेत.