शिफारस करण्याआधी विचारावे

रुग्ण समोर बसला की औषध लिहिण्याआधी डॉक्टर चार गोष्टी विचारतो. वय किती, आधीचा कुठला आजार आहे का, सध्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत, बाई असेल तर दिवस राहिले आहेत का. ही उत्तरे न घेता लिहिलेली चिठ्ठी घातक ठरू शकते. हल्ली मोबाईलमधील ॲपही माणसाला शिफारशी करते. पण यातले काहीच विचारत नाही.

आमच्या बोरी अरबचा एक तरुण पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. कॉकटेलच्या कृती सांगणाऱ्या एका ॲपचा शोध आणि शिफारशीचा भाग बनविण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. सुटीत गावी आला तेव्हा त्याने विचारले, "डॉक्टरकाका, आरोग्याच्या दृष्टीने यात काय असावे?" आपल्या जिल्ह्यातील अनेक घरची मुले अशी कामे करतात. म्हणून उत्तर या सदरातून देत आहे.

कॉकटेल म्हणजे एक किंवा अनेक प्रकारच्या दारूत फळांचा रस, साखरेचा पाक, सोडा वगैरे मिसळून केलेले पेय. ॲपच्या शोधात "लिंबू, पुदिना, रम" असे लिहिले की त्या जिनसांपासून होणाऱ्या कृतींची यादी येते. शिफारस दोन तऱ्हांनी होते. एक, तुम्हाला आवडलेल्या कृतीशी मिळतीजुळती दुसरी कृती दाखवायची. दोन, तुमच्यासारखी आवड असणाऱ्या इतरांनी काय निवडले, ते पुढे करायचे.

गोम आहे ती या दुसऱ्या तऱ्हेत. असे ॲप कोण जास्त वेळा उघडणार? जो जास्त पितो तो. वर्षातून एकदा लग्नकार्यात घोटभर घेणाऱ्याची नोंद एकच होते, रोज पिणाऱ्याची शेकडो होतात. यंत्र या नोंदींवरूनच शिकत असेल, तर जनतेची आवड म्हणून ते पट्टीच्या पिणाऱ्याचीच आवड नवशिक्याच्या हाती देईल. त्यातून ॲप किती वेळा उघडले यावरच त्याचे यश मोजले, तर व्यसन वाढणे हीच यशाची खूण ठरेल!

दुसरा धोका चवीचा. आपल्याकडील बहुतेक व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के मद्यार्क लिहिलेला असतो. अशा ६० मि.लि. दारूत सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. 'लाँग आयलंड आइस्ड टी' या कॉकटेलच्या नावात चहा आहे, पण पेल्यात चहाचा थेंबही नाही. पाच प्रकारच्या दारू प्रत्येकी १५ मि.लि. आणि वर लिंबूरस, पाक, कोला. मद्यार्क सुमारे २४ ग्रॅम. गोडव्यामुळे कडूपणा जाणवत नाही आणि पेला भराभर रिकामा होतो. यकृत मात्र तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढते. वाहन चालविणाऱ्याच्या १०० मि.लि. रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर तो गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट औषधांची. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी दारू घेतली तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. तो अडखळतो, बरळतो, निपचित पडतो. लोक म्हणतात, चढली आहे, झोपू द्या. अशा झोपेतून माणूस उठत नाही, असेही होते. झोपेच्या गोळ्यांवर दारू घेतल्यास श्वास मंदावतो. क्षयाच्या औषधांचा यकृतावर आधीच भार असतो, त्यात ही भर.

तेव्हा त्या तरुणाला माझे सांगणे असे. प्रत्येक कृतीच्या नावाशेजारी मद्यार्काचे ग्रॅम ठळक छापावेत. शोधाच्या यादीत दारूविरहित पेये तळाशी न टाकता बरोबरीने दाखवावीत. आपले कोकम, पन्हे, लिंबू सरबत काय कमी आहे? एकदा "दारू नको" म्हटलेल्याला पुन्हा दारूची शिफारस कधीही करू नये. वय, गर्भारपण, औषधे यांची विचारणा आधी व्हावी. पण ती माहिती फोनबाहेर जाऊ नये. रोज उघडणाऱ्याला आणखी कडक कृती पुढे करू नये. आणि कोणी "दारू सोडायची आहे" असे शोधले, तर कृतीऐवजी व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक १४४४६ समोर यावा.

कोणी म्हणेल, असली ॲप बंदच करा. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीचा वाद मोठा आहे, तो इथे सुटणार नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही. मग शिफारस करणाऱ्याची, तो माणूस असो की यंत्र, जबाबदारी वाढते.

पालकांनो, मुलगा संगणकात काम करतो एवढ्यावर समाधान मानू नका. तो काय बनवतो आणि ते कोणाच्या हाती जाणार, हे घरी आल्यावर त्याला जरूर विचारा.