कडा कोणाचा?

केडगावसारख्या सपाट, उसाच्या मुलखात एखाद्या डोंगरी फुलाचा विषय काढला, तर कार्यकर्ते साहजिकच विचारतील, ‘इथे कालव्याच्या पाळीची भांडणे मिटत नाहीत, त्यात हे फूल कसले?’ आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याला उत्तरही नीट दिले पाहिजे.

शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राबाहेर निसर्गतः न आढळणारी वनस्पती. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक डॅलझेल यांनी १८६० च्या दशकात जुन्नर परिसरातून तिची शास्त्रीय नोंद केली आणि तिला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. शिवनेरी, आपल्या शेजारचा पुरंदर, साताऱ्याचा सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी, काळ्या पाषाणाच्या उभ्या कड्यांवर, कपारीतल्या मूठभर मातीत ती वाढते. मांसल खोडात पाणी साठवून आणि पाने गाळून ती उन्हाळा काढते. पावसाळ्यात तिला पिवळ्या ठिपक्यांची गर्द किरमिजी फुले येतात. माश्या परागीभवन करतात आणि रेशमी तंतूंची बी वाऱ्यावर उडते. त्यातली एखादीच कपारीत रुजते.

हीच वनस्पती छाटापासून कुंडीत सहज वाढते. देशोदेशींच्या हौशी बागांत ती पोहोचली आहे. मग संकट कसले? एका खोडाचे शंभर छाट लावले, तरी ते एकच झाड शंभर कुंड्यांत राहते. बीजातून येणारी विविधता माशी, वारा आणि कपार यांच्या संगतीतच टिकते. म्हणजे वाचवायचा आहे तो कडा. कुंडी विकत घेता येते. कडा खडीसाठी फोडला, की कोणत्याही पैशाने पुन्हा उभा करता येत नाही.

संरक्षण म्हटले की सरकारी बुद्धी प्रथम कुंपणाकडे वळते आणि दोष धनगराच्या शेळ्यांवर येतो. अनिर्बंध चराईने नुकसान होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण वणवे, दगडखाणी आणि रोपे उपटून नेणारे संग्राहक यांचा हिशेब आधी मांडला पाहिजे. कड्याची ओळख ज्याला आहे, त्यालाच हाकलून राखण कोण करणार?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला व्यवस्थापन समिती नेमण्यास आणि लोक जैवविविधता नोंदवही करण्यास सांगितले आहे. गडांच्या पायथ्याच्या गावांत ही नोंदवही ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, तीत गुराख्यांची माहिती लिहिली जावी आणि खाणीला परवाना देण्यापूर्वी समितीचे मत घेतले जावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आणि केडगावकरांचा संबंध? आपले रस्ते, आपली घरे ज्या खडीवर उभी आहेत, ती कुठल्या तरी डोंगराचीच आहे. ती कुठून येते आणि तो डोंगर फोडण्याची परवानगी कोणी दिली, एवढे विचारण्यापासून आपल्या कामाला सुरुवात करता येईल.