गिऱ्हाइकाचा बहिष्कार आणि परतीची वाट

सणासुदीची खरेदी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रातल्या इतर शहरांप्रमाणे आमच्या सोलापुरातही हल्ली गिऱ्हाइकाला एक नवा उपदेश ऐकावा लागतो. टॉवेलाची वीण, चादरीचा रंग आणि मालाचा भाव पाहण्यापूर्वी दुकानाच्या पाटीवरचे नाव पाहावे, मालक कोणत्या देवाला भजतो आणि कोणत्या पक्षाला मानतो याची चौकशी करावी, आणि ते पसंतीस उतरले तरच खिशात हात घालावा, असा त्या उपदेशाचा मथितार्थ असतो. उपदेशक एकाच पंथाचे आहेत असे मात्र कोणी समजू नये. जो तो आपापली यादी घेऊन उभा आहे. त्यांना उत्तर देण्यासाठी जो दुसरा वर्ग पुढे सरसावतो, तो म्हणतो की व्यापाराने व्यापाराच्या जागी असावे, राजकारणाने राजकारणाच्या जागी, आणि गिऱ्हाइकाने मुकाट्याने दाम मोजून घरी जावे. माझ्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात. दुसरा सभ्य भाषेत चुकतो, एवढाच काय तो भेद.

बहिष्कारवाद्यांचे पहिले म्हणणे असे की, पैसा माझा, तेव्हा तो कोठे खर्चावा ही मुखत्यारीही माझीच. एकट्यादुकट्या माणसापुरते हे निर्विवाद आहे. कोणी कोणत्या दुकानाची पायरी चढावी, हे कोणत्याही सरकारला हुकूम काढून सांगता येणार नाही, आणि सांगता येऊही नये. परंतु बहिष्कार ही एकट्याची आवडनिवड नव्हे. ती हाक असते, आणि ज्या क्षणी ती दहाजणांना घातली जाते, त्या क्षणी तिच्यात सत्ता उत्पन्न होते. सत्ता म्हटली की जाब आलाच. मुंबई इलाख्यातील अस्पृश्य आणि आदिवासी जनतेच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर एक सभासद होते, १९३० साली सादर केलेल्या अहवालात नमूद करून ठेवले आहे की, अस्पृश्यांनी आपला हक्क बजावण्याचा नुसता प्रयत्न केला, तरी गाव एक होऊन त्यांचे रोजच्या वहिवाटीचे रस्ते बंद करी आणि गावच्या वाण्याकडून मीठमिरची मिळणेही थांबे. त्या वाण्यालाही, ‘जिन्नस माझा, विकण्याची मर्जी माझी’ असे म्हणता आले असते; नव्हे, तसे म्हणतच तो कुलूप लावीत असला पाहिजे. कोणाच्या अंगावर हात टाकला नाही, घर जाळले नाही. फक्त व्यवहार थांबविला, आणि तेवढ्याने माणसे उपाशी राहिली. ज्या सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, त्या सोलापुराला तरी हे समजावून सांगावे लागू नये.

पुढे राज्यघटनेने अनुच्छेद १५ मध्ये दुकाने आणि उपाहारगृहे यांत प्रवेश करताना धर्म वा जात यांवरून कोणालाही अडथळा होऊ नये असे बजावले, आणि महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम करून जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याला गुन्हा ठरविले. गिऱ्हाइकाच्या पायांत मात्र कायद्याने बेडी घातलेली नाही, आणि ती घालता येणेही अशक्य आहे. म्हणूनच त्याचा प्रश्न कोर्टाच्या आधी विवेकाकडे जातो.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे, आणि ते सोलापुरात फारच आत्मविश्वासाने मांडले जाते: बहिष्कार हे तर आपल्या वाडवडिलांचे शस्त्र! १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, त्याच शस्त्राने साम्राज्य हादरले, आणि आज आम्ही तेच उपसले तर तुम्हांला का बोचते? या वारशाचा दस्तऐवज एकवार नीट वाचून पाहू.

८ मे १९३० रोजी सोलापुरातला जमाव रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यास गेला. वरवर पाहणाराला हे कृत्य विचित्र वाटेल. झाडांनी कोणाचे काय घोडे मारले होते? पण शिंदी म्हणजे अबकारी, अबकारी म्हणजे महसूल, आणि महसूल म्हणजे त्या सरकारची तिजोरी, हा हिशेब गिरणीत राबणाऱ्या मजुरालाही तोंडपाठ होता. कुऱ्हाड झाडावर पडत होती, घाव मात्र जमाखर्चाच्या वहीत उमटणार होता. त्या दिवशी गोळीबार झाला, दंगल उसळली, १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा राहिला, आणि त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. त्यांच्या चार पुतळ्यांना हार घालून परत येताना वाटेतल्या दुकानाच्या पाटीवरचे नाव न्याहाळणाऱ्या आमच्या बहिष्कारवाद्याने त्या चौघांपैकी कोणाच्या दुकानात जावे आणि कोणाच्या जाऊ नये, हे एकदा सांगून टाकले तर बरे होईल.

मात्र वारसा सांगताना तो सबंध सांगावा. त्या थोर बहिष्कारालाही डाग होते. बंगालमध्ये विलायती धोतरांवर बहिष्कार पडताच आमच्या मुंबईच्या गिरणीवाल्यांनी गरज ओळखून भाव चढविले, आणि देशभक्तीचा दंड गरीब गिऱ्हाइकाने भरला. रवींद्रनाथांनी १९१६ च्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीत बंगालमधला स्वदेशीचा आवेश गरीब फेरीवाल्यांच्या पोटावर कसा पडतो हे दाखविले, आणि स्वदेशीच्या भक्तांना ते आवडले नाही. तरीही १९०५ आणि १९३० च्या बहिष्कारांत एक गोष्ट होती, जी आजच्या याद्यांत सापडत नाही: त्यांना परतीची वाट होती. बंगालची फाळणी मागे घ्या, मिठावरचा कर उठवा, कापड देशात विणा, असे ज्याच्यावर बहिष्कार त्याला सांगितलेले होते. त्याने ते केले असते तर बहिष्काराला उठण्यावाचून गत्यंतर नव्हते. मँचेस्टरच्या धन्याला इंग्रज असणे सोडावे लागणार नव्हते.

आता याच कसोटीवर अलीकडचे प्रकरण घासून पाहा. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातील मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना बंदी करणारा ठराव केला, आणि तो बेकायदेशीर म्हणून प्रशासनाला निकालात काढावा लागला. समजा, त्या यात्रेत वर्षानुवर्षे बांगड्या विकणाऱ्या एखाद्या माणसाने ग्रामसभेपुढे हात जोडून विचारले असते, की मी काय केले म्हणजे पुढच्या वर्षी मला येथे पाल ठोकता येईल, तर ग्रामसभेजवळ देण्यासारखे उत्तर कोणते होते? भाव कमी करू? माल सुधारू? रिवाज मोडला असेल तर माफी मागू? कोणत्याही उत्तराने काम भागत नव्हते, कारण तक्रार कृत्याची नव्हती, जन्माची होती. जन्म मागे घेण्याची सोय परमेश्वराने ठेवलेली नाही. ज्या बहिष्कारातून सुटण्याची अट बहिष्कृताला पुरीच करता येत नाही, तो बहिष्कार नसून हद्दपारी आहे, आणि हद्दपारीचा अधिकार गिऱ्हाइकाला कोणी दिलेला नाही. २२ जुलै २०२४ रोजी कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकाचे नाव लावण्याची सक्ती करणाऱ्या हुकुमांना सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती देताना जो भेद केला, तो या मुद्द्याला जवळचा आहे: पदार्थ कोणत्या जातीचा आहे, शाकाहारी की मांसाहारी, हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे, पदार्थ रांधणारा कोणत्या जातीचा आहे, हे सांगण्याची सक्ती नाही.

येथवर वाचून दुसऱ्या पक्षाचे सभ्य गृहस्थ मान डोलावत असतील. त्यांनी जरा थांबावे. व्यापाराला राजकारणाचा वारा लागू नये हे त्यांचे सूत्र ऐकायला गोड आहे, पण व्यापाऱ्यानेच ते कधी पाळलेले नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरविली, आणि महिन्याभरात कोणत्या कंपनीने किती रुपयांचे रोखे घेतले आणि कोणत्या पक्षाने किती वटविले, याच्या याद्या लोकांपुढे आल्या. राजकारणाला हात न लावणारे हे व्यापारी कोट्यवधींच्या हातांनी राजकारणातच वावरत होते. फक्त ज्याच्या पैशावर ते चालले होते, त्या गिऱ्हाइकाला त्याची खबर नव्हती. ज्या मालाच्या किमतीतून माझ्या नकळत देणगी जाते, तो माल न घेण्याचा माझा हक्क कोणती शुचिता नाकारणार? बहिष्काराला येथे जागा आहे, आणि ती मोठी आहे. (आता त्याच याद्या चाळताना एकाच कंपनीने दोन-तीन परस्परविरोधी पक्षांना पैसा दिल्याचे आढळते, आणि केवळ आपल्या पक्षाचा शत्रू शोधायला निघालेल्या बहिष्कारवीराची मोठी पंचाईत होते, ती गोष्ट वेगळी.)

मात्र देणगी हे कृत्य आहे, आणि मत हे मत आहे. दुकानदाराच्या गल्ल्यामागे कोणाची तसबीर लावलेली आहे, तो कोणत्या मठात जातो, कोणत्या नेत्याच्या सभेला गर्दीत उभा राहतो, यावरून त्याचे गिऱ्हाईक तोडणे म्हणजे मतस्वातंत्र्यावर जकात बसविणे होय. पाच-दहा वर्षांत ज्याची सत्ता त्याची तसबीर, अशी व्यापाऱ्यांची जात तयार करण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

शिवाय मालकाच्या मतावर घातलेला घाव कोणाच्या पाठीवर पडतो, हे सोलापुरात पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या हातातला एक टॉवेल उलगडून पाहा. सूत आणले एकाने, ते रंगविले दुसऱ्याने. कांड्या भरल्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बाईने. यंत्रमागावर रात्रपाळी केली कोणा पद्मशाली, मोमीन नाही तर धनगर तरुणाने. कडा शिवल्या घरी बसून आणखी एकीने, आणि गाठोडे बांधून टेम्पोत टाकणारा पुन्हा निराळाच. पाटीवरचे नाव या साखळीच्या शेवटच्या कडीचे. यादीवाल्याने पाटी पाहून टॉवेल परत ठेवला, तर मालक दोन महिने कळ सोसतो, कारण त्याला सोसण्यापुरते आहे. मागावरच्या माणसाचा आठवड्याचा पगार मात्र त्याच शनिवारी खाली येतो, आणि त्याचे नाव तर कोणत्याच यादीत नव्हते.

‘पण ते आमच्यावर बहिष्कार घालतात’ हा शेवटचा बचाव दोन्हीकडून येतो, आणि दोन्हीकडून तो तितकाच पोकळ आहे; बहिष्कार कोणीही घातला तरी कसोटी तीच राहते. गाझातील युद्धानंतर काही परदेशी नावांच्या उपाहारगृहांवर बहिष्काराच्या हाका आपल्याकडेही उठल्या. त्या युद्धाविषयी संताप असणे मनुष्यत्वाचे लक्षण आहे, हे मी मान्य करतो. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमधील मॅकडोनल्ड्सच्या चालकाने तेथील सैनिकांना फुकट जेवण वाटले, आणि महाराष्ट्रातली त्याच नावाची उपाहारगृहे एक भारतीय कंपनी चालविते; तिने काय केले म्हणजे बहिष्कार उठेल, हे हाक घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी सांगितले. उलट मे २०२५ मध्ये पुण्याच्या बाजार समितीतील व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदे घेणे थांबविले, तेव्हा रोख पाकिस्तानला पाठिंबा देण्याच्या तेथील सरकारच्या जाहीर धोरणावर होता, आणि तोटा आधी व्यापाऱ्यांनी स्वतःच्या धंद्यात सोसला. तेथील बागायतदाराने आपल्याविरुद्ध शस्त्र धरले नव्हते, हा आक्षेप उरतोच. तरी कृत्य दाखविलेले होते, आणि ते बदलता येण्याजोगे होते.

तेव्हा मंडन करावयाचे ते एवढ्याचेच, की बहिष्कार घालणाराने आधी कृत्य दाखवावे, त्याचा पुरावा द्यावा, ज्याच्यावर घालायचा त्याला खुलाशाची संधी आणि मुदत द्यावी, अट जाहीर करावी, आणि ती पुरी होताच, मनातली अढी गेलेली नसली तरी, बहिष्कार उठवावा. ही शिस्त नवी नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा गिऱ्हाइकाने संघटित होण्याचे कारण वजन, माप, भाव आणि भेसळ हे होते. दुकानदाराची कुंडली नव्हे.

आणि सोलापुरात विचारण्याजोग्या गोष्टींचा दुष्काळ थोडाच आहे? यंत्रमाग कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या हाती किमान वेतन पुरते पडते की नाही, यासाठी मोर्च्यांवर मोर्चे निघाले. रंगाचे पाणी कोणत्या नाल्याला सोडले जाते, हे त्या नाल्याकाठी राहणारेच सांगू शकतात. या दिवाळीत चादर घेताना गिऱ्हाइकाने पाटी वाचण्याऐवजी, ही ज्या मागावर विणली गेली तेथल्या कामगाराचा निधी भरला जातो का, असे विचारून पाहावे. दुकानदार प्रथम चमकेल, मग अडत्याकडे बोट दाखवील, अडत्या कारखानदाराकडे. त्याच आठवड्यात आणखी वीस जणांनी तोच प्रश्न टाकला, तर मात्र कारखानदाराला फोन जाईल, आणि त्या फोनवर कोणाच्याही धर्माचा उल्लेख निघण्याचे कारण पडणार नाही.