यंदाचा फिफा घ्यावा का?

माझ्या भाच्याकडे सध्या पाच हजार दोनशे रुपये आहेत. दोन्ही ईदची ईदी, आणि परीक्षेनंतर नानांनी हळूच खिशात सरकवलेले पाचशे. पैसे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात आणि डबा पुस्तकांच्या कपाटात. गेल्या रविवारी तो डबा घेऊनच आमच्या नेरुळच्या घरी आला. "मामू, नवा फिफा आलाय. अम्मी म्हणते, मामूला विचार."

माझी बहीण हुशार आहे. नाही म्हणायचं काम तिने माझ्यावर ढकललं, कारण पहिला फिफा या घरात मीच आणला होता.

आधी एक खुलासा. ज्याला पोरं अजून फिफा म्हणतात, त्या खेळाचं नाव 2023 पासून फिफा राहिलेलं नाही. ईए स्पोर्ट्स ही अमेरिकी कंपनी आणि फुटबॉलची जागतिक संघटना यांचा जुना करार संपला. 'फिफा 23' हा त्या नावाचा शेवटचा खेळ, पुढचा 'एफसी 24'. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी नवी आवृत्ती येते आणि पाठीवर पुढच्या वर्षाचा आकडा असतो. यंदाची 'एफसी 26'. किंमत चार-पाच हजारांच्या घरात, म्हणजे भाच्याचा डबा जवळपास रिकामा.

नाही म्हणणं सोपं होतं. आमच्या अब्बांना विचारलं असतं तर एका शब्दात निकाल लागला असता: इसराफ. उधळपट्टी. पण मी स्वतः या खेळावर पैसे घातलेले आहेत आणि त्यातल्या एका खरेदीचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्यामुळे पोराला नुसता उपदेश करणं जमेना.

ती खरेदी 'फिफा 22' ची. त्यामागची गोष्ट 2014 ची. इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटीचं घरचं मैदान अंधेरीत नव्हतं, आमच्या नेरुळमध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतं. पहिल्या हंगामात या संघात निकोलस अनेल्का होता, फ्रेडी लुंगबर्ग होता. ज्यांना आम्ही आर्सेनलच्या लाल जर्सीत टीव्हीवर बघत मोठे झालो ते लोक घरापासून रिक्षाच्या अंतरावर खेळत होते! घरी येऊन खेळ सुरू केला की मात्र त्यात मुंबई सिटी नाही. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतल्या, मी कधी नावही न ऐकलेल्या गावांचे संघ होते, पण आमचा नव्हता. दोन हंगामांनंतर संघ अंधेरीला गेला, तरी आमच्यासाठी तो आमचाच राहिला. मार्च 2021 मध्ये गोव्यात मोहन बागानला हरवून त्यांनी चषक जिंकला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'फिफा 22' मध्ये इंडियन सुपर लीग आली. मी दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन आलो. खेळाडूंचे चेहरे कोणाचेही असावेत असे होते आणि मैदान कुठलंतरी बनावट. तरीही निळ्या जर्सीतली अकरा माणसं पडद्यावर उतरली तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. तिने बघितलं, "बरं" म्हणाली आणि परत गेली.

म्हणून मी भाच्याला विचारलं, "यात असं काय आहे जे गेल्या वर्षीच्यात नाही?" त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. यंदा म्हणे खेळण्याच्या दोन पद्धती वेगळ्या केल्या आहेत. ऑनलाइन सामन्यांसाठी वेगवान, आणि एकट्याने संघ चालवायचा असेल तर खऱ्या फुटबॉलसारखी संथ. ऐकायला बरं वाटलं. गेल्या वर्षीच्या 'एफसी 25' मध्ये पाच-पाच जणांचा 'रश' नावाचा छोटा सामना आला होता, तो मलाही आवडला. हे बदल खोटे नाहीत. प्रश्न असा, की त्यासाठी संपूर्ण खेळ पुन्हा विकत का घ्यायचा?

याचं उत्तर कंपनीनेच एकदा नकळत दिलंय. निन्टेंडोच्या स्विच या यंत्रासाठी 'फिफा 20' पासून 'फिफा 23' पर्यंत चार वर्षं ज्या आवृत्त्या आल्या त्यांचं नाव 'लेगसी एडिशन' होतं. आत खेळ तोच, फक्त जर्सी नव्या आणि कोण कुठल्या संघात गेला त्याच्या याद्या नव्या. त्याचेही पैसे. उलट, कोनामी या जपानी कंपनीने 2020 साली सरळ सांगितलं होतं की यंदा आम्ही नवा खेळ करत नाही, जुन्यालाच ताज्या याद्या जोडून कमी किमतीत देतो. मला तो व्यवहार प्रामाणिक वाटला. (पुढच्याच वर्षी त्यांनी खेळ फुकट केला आणि तो इतका बिघडलेला निघाला की जगभर हसू झालं. पण तो वेगळा विषय.)

आता माझ्या पिढीतले वाचक म्हणतील, आमचा 'क्रिकेट 07' बघा की. बघूच. तोही ईएचाच खेळ, नोव्हेंबर 2006 मध्ये आलेला. मी तो सीवूड्सच्या एका सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळलो आहे. परवाना नसल्याने आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून लिहिलेली होती. त्यानंतर ईएने क्रिकेटचा नवा खेळ काढला नाही. आणि काय झालं? खेळ मेला नाही. चाहत्यांनी खरी नावं घातली, नव्या जर्सी, आयपीएलचे संघ, नवी मैदानं घातली. जेव्हा तो खेळ आला तेव्हा आयपीएल जन्मालाही आली नव्हती, आणि आज लोक त्याच खेळात आयपीएल खेळतात. एकदा घेतलेली वस्तू इतकी वर्षं पुरली.

ही गोष्ट मी भाच्याला मोठ्या अभिमानाने सांगितली. तो म्हणाला, "मामू, पण त्यात फिल्डर चेंडूच्या बाजूने चालत जातो."

खरं आहे. जातो. आणि हेही खरं की आम्ही क्रिकेटवाले इतकी वर्षं नव्या खेळासाठी तरसलोच. आता मेलबर्नची बिग अँट ही कंपनी साधारण दोन वर्षांतून एकदा क्रिकेटचा खेळ काढते, 'क्रिकेट 22', मग 'क्रिकेट 24'. तेवढं अंतर मला योग्य वाटतं. वर्षभरात खेळ बदलून बदलणार किती? दरवर्षी नवं काहीच येऊ नये असं मी म्हणत नाही. जे नवं येतं ते पूर्ण किमतीच्या लायकीचं आहे का, एवढंच विचारतो.

कधीकधी असतं. अमेरिकेत बेसबॉलचा 'द शो' नावाचा असाच वार्षिक खेळ आहे, सोनीचा, 2006 पासून दरवर्षी येणारा. तिथेही चाहत्यांमध्ये हाच वाद, तोच खेळ पुन्हा का घ्यायचा. पण 2023 च्या आवृत्तीत त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन मुख्य लीगमध्ये उतरेपर्यंत तिथे काळ्या खेळाडूंना जागाच नव्हती. त्यांनी स्वतःच्या लीग चालवल्या, ज्यांना इतिहासात निग्रो लीग म्हणतात. त्या काळातले सॅचेल पेज, बक ओ'नील यांच्यासारखे खेळाडू या आवृत्तीत आले, प्रत्येकाची गोष्ट सांगत आले. कॅन्सस सिटीत या लीगचं संग्रहालय आहे, त्याच्या अध्यक्षांनी निवेदन केलं. मला बेसबॉलचे नियम धड माहीत नाहीत, पण अशा आवृत्तीसाठी कोणी डबा फोडला तर मी अडवणार नाही. दाराबाहेर ठेवलेले लोक आत आले, हे नव्या जर्सीपेक्षा मोठं आहे. 'फिफा 22' मध्ये मुंबई सिटी आली तेव्हा मला त्याचा लहानसा तुकडा मिळाला होता.

इथवर भाचा माझ्याशी बऱ्यापैकी सहमत होता. अडलं ते पुढे.

या खेळात 'अल्टिमेट टीम' म्हणून एक प्रकार असतो. खेळाडूंचे पत्ते जमवून संघ बांधायचा. पत्ते पाकिटांतून मिळतात, आणि पाकीट उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. खेळून मिळवलेल्या नाण्यांनी पाकीट घेता येतं, किंवा खऱ्या पैशांनी. 2020-21 च्या आर्थिक वर्षात ईएला आपल्या खेळांमधल्या या प्रकारातून 162 कोटी डॉलर मिळाले, एकूण उत्पन्नाच्या 29 टक्के. म्हणजे चार-पाच हजारांची डिस्क हे दुकानात शिरण्याचं तिकीट आहे, खरा गल्ला आत आहे. बेल्जियममध्ये 2018 साली सरकारी नियामकांनी अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि 2019 च्या जानेवारीअखेर ईएला तिथे पाकिटांसाठी पैसे घेणं थांबवावं लागलं. कंपन्यांचं म्हणणं असं, की आतला पत्ता बाहेर पैशांत विकता येत नाही, प्रत्येक पाकिटात काहीतरी मिळतंच, मग जुगार कसा? आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे.

आमच्या घरात या वादाला तितकी जागा नाही. पैसे देऊन नशिबाची वाट बघायची, याला कायदा काहीही म्हणो, आम्ही लहानपणापासून त्याला एकच शब्द ऐकलाय. आणि धर्म बाजूला ठेवला तरी हिशेब लागत नाही. पुढच्या सप्टेंबरात नवी आवृत्ती आली की जमवलेला संघ मागेच राहतो. नव्या खेळात पुन्हा शून्यापासून सुरुवात. काही वर्षांनी कंपनी जुन्या आवृत्तीची ऑनलाइन सेवाच बंद करते, मग ते पत्ते बघायलाही मिळत नाहीत.

"तू पाकिटं घेतोस?" मी विचारलं.

"पैसे देऊन नाही, मामू." मग थोडं थांबून, "एकदाच. अम्मीला माहितेय."

मी पुढे विचारलं नाही. डिस्कचं काय ते बोल म्हटलं. तेव्हा त्याने खरं कारण सांगितलं. खारघरचे दोघं, क्लासमधला एक आणि त्यांच्या इमारतीतला एक असे चौघं रात्री इशाच्या नंतर तासभर एकत्र खेळतात. "सगळे नव्यावर गेले. नव्यावरून जुन्यावर खेळता येत नाही. मी एकटा काय करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. जर्सी, याद्या, पद्धती यांवर मी वाद घालू शकतो. पण दरवर्षी कंपनी या मुलांना त्यांचीच दोस्ती पुन्हा विकते, आणि चौघांपैकी तिघांनी घेतली की चौथ्याला पर्याय राहत नाही. मला हे सगळ्यात जास्त खुपतं. नव्या गवताच्या रंगाला मी हसू शकतो, चौदा वर्षांच्या पोराच्या एकटेपणाला नाही.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. आम्ही असं ठरवलं: कंपनीच्या वर्गणीत नवा खेळ दहा तास खेळून बघता येतो. महिन्याची वर्गणी मी भरीन, दहा तास त्याने चौघांबरोबर खेळावेत. मग पटलं तर नोव्हेंबरच्या सवलतीपर्यंत थांबावं, तेव्हा किंमत उतरते. आणि घ्यायचाच तर डिस्क घ्यायची, डाउनलोड नाही. डिस्क वाचल्यावर पुस्तकासारखी दुसऱ्याला देता येते, विकता येते. पाकिटांना एक रुपया नाही, यावर हात मिळवले.

जाताना त्याने माझ्या कपाटातून 'फिफा 22' ची डिस्क मागितली. तिची ऑनलाइन सेवा बंद झालीय, पण एकट्याला संघ चालवता येतो. नोव्हेंबर 2023 मध्ये सौदीचा अल-हिलाल संघ आशियाई स्पर्धेत मुंबई सिटीशी खेळायला नेरुळला आला होता तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. नेमार जखमी होता, आलाच नाही, आणि आपण 2-0 हरलो. आदल्या रात्री पोराने घरी खेळात अल-हिलालला चार गोल घातले होते, त्यामुळे परतताना रिक्षात तो एक शब्द बोलला नव्हता.

काल रात्री त्याचा मेसेज आला. दहापैकी सहा तास संपलेत. नवा फिफा "ठीक आहे". आणि 22 मध्ये मुंबई सिटी गुणतक्त्यात तिसरी आहे.