भुताला पत्ता हवा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला फसवणूक नवी नसते. खोट्या सह्या, फाटून चिकटवलेल्या नोटा, एकाच म्हशीवर दोन ठिकाणचं कर्ज हे सगळं मी याच हातांनी निस्तरलं आहे. पण गेल्या महिन्यात चारशे नव्व्याण्णव रुपयांना माझी जी फसवणूक झाली, ती कोणत्या रजिस्टरात नोंदवावी हे मला अजून कळलेलं नाही.

चारशे नव्व्याण्णवला आमच्या घरी एक इंग्रजी कादंबरी आली. मुलगी अकरावीला आहे. वर्गातल्या सगळ्या मुलींनी वाचली म्हणाली. काळं कव्हर, त्यावर लाल गुलाब आणि एक जळकं पीस. आत सहाशे पानं, एक मुलगी, तिच्यावर प्रेम करणारा एक व्हॅम्पायर आणि स्वर्गातून हाकललेला एक देवदूत. कादंबरीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उत्सुकतेपोटी आणखी दहा प्रती खपतील आणि ते पाप माझ्या खाती जमा होईल.

पैसे दिले होते म्हणून मीही वाचली. शिवाय भुताखेतांशी माझी जुनी ओळख आहे. नारायण धारपांची ‘लुचाई’ मी शाळेत असताना पांघरुणात वाचली होती. ती स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या कादंबरीवर बेतलेली, हे पुष्कळ उशिरा कळलं. तोवर भिऊन झालं होतं, आणि एकदा काढलेली भीती परत भरता येत नाही.

या कादंबरीत सहाशे पानांत मी एकदाही घाबरलो नाही. का, ते आमच्या आईने पाच मिनिटांत दाखवून दिलं. तिने नातीला विचारलं,

“काय वाचायलालीस गं?”

“व्हॅम्पायरची गोष्ट, आजी. रक्त पितो तो.”

“कुनाचं?”

“प्राण्यांचं. माणसांचं सोडलंय त्याने.”

“मग ते भूत कशानं? ऱ्हातंय कुठं?”

“मोठ्या बंगल्यात. रोज शाळेत येतो.”

“शाळंत? वय काय त्येचं?”

“तीनशे वर्षं.”

“तीनशे वर्सं झाली आन् अजून शाळंतच? हुशार दिसत नाही.”

माझा भुतांवर विश्वास नाही. पण विश्वास नसला तरी कागदपत्रं पुरी हवीत. आमच्याकडच्या भुतांची ती असतात. मुंजा म्हणजे सोडमुंजीआधी गेलेला पोरगा, मुक्काम पिंपळावर. आसरा पाण्याकाठी. चकवा रानात, वाट चुकवणं एवढंच त्याचं काम, पहाट झाली की सुट्टी. प्रत्येकाला पत्ता, प्रत्येकाची एक तक्रार आणि प्रत्येकाचं एक मागणं. अंगात आलेल्या बाईला गावातली म्हातारी माणसं पहिल्यांदा तीनच प्रश्न विचारतात: कोण तू? कुठला? काय पाहिजे? आम्ही खातं उघडताना याहून वेगळं काय विचारतो?

तुम्ही म्हणाल, परदेशी भुताला आपले नियम कशाला लावता? अहो, परदेशी भुतांचे नियम आपल्यापेक्षा कडक आहेत! १८९७ साली ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर हा मूळचा आमच्यातलाच. डब्लिनला सरकारी कचेरीत कारकून होता, आणि १८७९ साली त्याने चक्क कोर्टातल्या कारकुनांच्या कर्तव्यांवर पुस्तक काढलं होतं. त्यामुळे त्याच्या ड्रॅक्युलाचा सगळा व्यवहार चोख. लंडनजवळ घर घ्यायचं, तर रीतसर वकील बोलावून कागद करतो. आपल्या मातीच्या पन्नास पेट्या जहाजाने पाठवतो, आणि पुढे त्या पेट्यांचा माग लागतो तो मंत्रतंत्राने नव्हे, वाहतूकदारांच्या नोंदींवरून. मी ते पान दोनदा वाचलं. शिवाय कुणी आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. दिवसा तो हिंडू शकतो, पण अंगातली शक्ती तेवढी चालत नाही. लंच टाइममधल्या आमच्या साहेबांसारखं. (उन्हात जळून मरण्याचा नियम १९२२ च्या ‘नॉस्फेराटू’ या मूक चित्रपटाने आणला.) तिकडच्या लोककथांत तर असंही आहे की व्हॅम्पायरपुढे खसखस फेकली की तो एकेक दाणा मोजत बसतो. हे वाचून मला भरून आलं. असा एक माणूस आमच्या कॅशला मिळाला असता तर!

आणि आमच्या चारशे नव्व्याण्णवच्या व्हॅम्पायरला काहीच बंधन नाही. ऊन लागत नाही, लसूण चालते, बोलावणं लागत नाही. २००५ साली ‘ट्वायलाइट’ आली आणि व्हॅम्पायर उन्हात जळायचे सोडून चमकायला लागले, तेव्हापासून ही शिस्त गेली ती गेलीच. एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता यांना तुळजापूरच्या रस्त्यावर उभं केलं पाहिजे.

देवदूताची तीच गत. आमच्या शाखेत पीककर्जं बघणारा एक एम. ए. इंग्लिश आहे. त्याने सांगितलं की मिल्टनच्या १६६७ सालच्या काव्यातले बंडखोर देवदूत स्वर्गातून नऊ दिवस खाली पडत होते, आणि बंड कशासाठी केलं हेही तिथे सविस्तर आहे. आमचे जय-विजय घ्या. वैकुंठाच्या दारात सनकादिकांना अडवलं, शाप मिळाला, तीन जन्म वैरी होऊन काढायचे. गुन्हा स्पष्ट, मुदत ठरलेली. या कादंबरीतला देवदूत मात्र का पडला, हे विचारलं की तो खिडकीबाहेर बघतो. पान चारशे बारावर नायिका पुन्हा विचारते. तो पुन्हा खिडकीबाहेर बघतो. सहाशे पानं संपली तरी कारण नाही. सरकारी नोकराला निलंबित करतानासुद्धा कारण लेखी द्यावं लागतं हो!

इथवर मी हसत होतो. मग मुलीने गुलाबी पेनाने केलेल्या खुणा दिसल्या. व्हॅम्पायर रात्री न विचारता खोलीत येऊन नायिका झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो, तिथे खूण. मैत्रिणींना भेटू नकोस म्हणतो, तिथे खूण. देवदूत तिचं मनगट काळंनिळं होईपर्यंत धरतो आणि ती म्हणते की त्याचं प्रेम आवरत नाही, तिथे दोन खुणा.

तुळजापूरच्या देवीची कथा आमच्या जिल्ह्यात पोरासोरांना पाठ आहे. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती तप करत बसलेली, कुकुर दैत्याला तिचा मोह पडला. तिने देवीचा धावा केला, देवी त्वरित आली म्हणून त्वरिता, तिचीच पुढे तुळजा झाली. दैत्य मेला. या लेखकाच्या हाती ती कथा पडती, तर अनुभूतीला कुकुराचे डोळे आवडले असते आणि देवी खलनायिका ठरली असती.

हे मी जेवताना जरा जोरात बोललो. मुलगी गप्प झाली. मग ताटाकडे बघत म्हणाली,

“बाबा, आमच्या क्लासच्या बाहेर एक मुलगा रोज गाडी लावून बसतो. घरापर्यंत मागे येतो. मैत्रिणी म्हणतात, किती लकी आहेस.”

“तुला काय वाटतं?”

“भीती वाटते.”

हातातला घास मला गिळवेना. उद्या रजा टाकावी, पोलिसांत जावं, की क्लासच बदलावा, असा मी नेहमीप्रमाणे प्रस्ताव तयार करू लागलो. आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नऊवारी सावरत, काठी टेकत, नातीबरोबर क्लासला गेली. मी मागे पंधरा पावलांवर होतो. मुलगा गाडीवर बसला होता. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि भर रस्त्यात तिने विचारलं,

“कोन रं तू? कुठला? काय पायजे?”

त्याला तिन्हींपैकी एकाचंही उत्तर देता आलं नाही. गाडी मात्र पहिल्याच किकला सुरू झाली.